कोयता निघण्याआधी मत : एका गावाच्या नोंदी (ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२४)

बीड जिल्हा, धारूर तालुका. बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लागतात, ती उन्हाळ्यात निघतात. माझे आई-वडील सव्वीस हंगाम ऊसतोडीला गेले, त्यामुळे कुलूप लावणाऱ्यांच्या बाजूनं हे काम कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. लोकसभेचं मतदान आमच्याकडे १३ मे रोजी झालं, तेव्हा ऊसतोडीच्या सगळ्या टोळ्या परत आलेल्या होत्या. विधानसभेचं मतदान मात्र हंगामाच्या तोंडावर येणार हे दिसत होतं. म्हणून मी, माझा चुलतभाऊ आणि गावातली दोन पोरं कामाला लागलो. दुसऱ्या गावात कुणाला हेच करायचं असेल तर आमच्या चुका तरी त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून या नोंदी.

६ ऑक्टोबर, रविवार

सुरुवातच चुकली. दोन फ्लेक्स छापले, शाळेतली पोरं घेऊन सकाळी प्रभात फेरी काढली, ‘मतदान करा’च्या घोषणा दिल्या. खर्च १,४०० रुपये, तोही आमच्याच खिशातून. फेरी गावाबाहेर पडेपर्यंत एकही माणूस दारात थांबला नाही. कुणी कोयत्याला धार लावत होतं, कुणी शेळ्या विकायच्या गडबडीत होतं.

९ ऑक्टोबर

संध्याकाळी पारावर बसलो. एक म्हातारे मामा म्हणाले, “चाळीस वर्षं मत द्यायलोय. बापाच्या हातात कोयता होता, माझ्या हातात आला, आता पोराच्या हातात हाय. कामून सांगता आम्हाला?” मला उत्तर सुचलं नाही. खोटी आशा दाखवायची नाही, एवढं मनाशी ठरवून गप्प बसले.

उत्तर दिलं ते माझ्या आत्यानं. तीही कोयत्यावरच जाते. ती म्हणाली, “बायांच्या गर्भपिशव्या काढायचं चाललं होतं तवा कुणाला पत्ता होता का? २०१९ ला विधिमंडळात निघालं, समिती आली, आपल्या जिल्ह्यात येऊन बायांना इचारलं. आपण यादीत नसतो तर कोण येणार होतं?” मामा काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

त्या रात्री ठरवलं, यापुढे घोषणा बंद. माणसाला मत का द्यायचं हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. देता येत नाही ते कशामुळे, हे आधी शोधायचं.

१३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

दोनशे पानी वही घेतली आणि घरोघर फिरलो. रकाने असे : घर, टोळी, मुकादम (टोळी जमवून कारखान्याला नेणारा), निघायचा दिवस, यादीत नाव आहे का, भाग क्रमांक, अनुक्रमांक, कार्ड कुठे आहे. शेवटचा रकाना उगाच घातला असं वाटलं होतं, पण तोच सगळ्यात उपयोगी पडला. अकरा जणांचं ओळखपत्र मुकादमाकडे होतं. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम घेताना आधार आणि मतदार कार्ड दोन्ही ठेवून घेतलेली.

या हंगामाला जाणारे मतदानाच्या वयाचे एकूण १४८ जण निघाले, तीन मुकादमांच्या टोळ्यांत वाटलेले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आयोगाची घोषणा झाली. सगळ्या राज्यात एकाच दिवशी, २० नोव्हेंबरला मतदान. गाळप हंगामाची तारीख आधीच ठरलेली, १५ नोव्हेंबर. म्हणजे कारखान्याचा पट्टा फिरायला लागल्यावर पाच दिवसांनी आमचं मतदान.

कामगारांना टपाली मत देता येईल का, हे दोन दिवस विचारत फिरलो. येत नाही. ती सोय सैनिक, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, घरी असलेले ८५ वर्षांवरचे मतदार आणि दिव्यांग अशांसाठी आहे. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना दाखवायला आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना बोलावलं होतं, पण ते यंत्र मतदानात आलेलं नाही. माणूस गावात हवा किंवा गावात आणायला हवा, तिसरा रस्ता नाही.

१७ ऑक्टोबर

मोठी चूक. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे २९ ऑक्टोबरपर्यंत नवं नाव नोंदवता येईल असं धरून चाललो होतो. बीएलओ (केंद्राच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या) असलेल्या अंगणवाडीच्या ताईंनी संध्याकाळी सांगितलं, “अगं, त्याच्या दहा दिवस आधी बंद होतं. १९ तारीख.” घोषणेनंतर चार दिवस मिळाले होते, त्यातले दोन आम्ही टपाली मताच्या चौकशीत घालवले. कुणी हे काम करणार असेल तर नोंदणीचं घोषणा व्हायच्या महिनाभर आधीच उरकावं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस जेवणाची शुद्ध नव्हती. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून तिथंच सतरंजी टाकली. नमुना ६ (नवं नाव) सत्तावीस भरले, नमुना ८ (पत्ता बदल, दुरुस्ती) नऊ.

नमुना ८ चे सगळे अर्ज सुनांचे. नावं अजून माहेरच्या यादीत, माहेरच्या गावात. त्या दरवर्षी “माझं हितं नाही” म्हणून गप्प राहत होत्या आणि घरच्यांना वाटत होतं की तिला हौस नाही. एकीचं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती.

ओटीपीनं वेळ खाल्ला. फोन नवऱ्याच्या नावावर, नवरा शेळ्या घेऊन बाजारला. आधी त्या घराचा फोन टाकीपाशी आणायचा, मगच अर्ज उघडायचा, हे सहाव्या अर्जानंतर सुचलं. शेवटचा अर्ज रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी गेला.

(नंतरची भर : यातले पाच नमुना ६ नामंजूर झाले. फोटो टाकीखालच्या अंधारात काढलेले होते, चेहरा ओळखू येत नव्हता. चूक आमची. त्या पाच जणांची माफी मागितली.)

२७ ऑक्टोबर

घरून मत देण्यासाठी नमुना १२-ड द्यायचा आजचा शेवटचा दिवस. अधिसूचना २२ तारखेची, तिथून पाच दिवस. टोळ्या गेल्यावर गावात म्हातारी माणसं आणि पोरंच उरतात, त्यामुळे हे आमच्यासाठी महत्त्वाचं होतं. एका आजीचं वय घरचे नव्वद सांगतात. कार्डावर ७९. अर्ज करता आला नाही. दोघांचे अर्ज मात्र गेले. ज्यांचा अर्ज मंजूर होतो त्यांना मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे घरच्यांना दोनदा समजावून सांगितलं. पथक ज्या दिवशी येईल त्या दिवशी माणूस घरीच हवा.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

तिन्ही मुकादम आज गावात होते. या दिवसासाठी आठवडाभर तयारी केली होती, आणि तरी पहिली बैठक मी बिघडवली.

मी कायद्यापासून सुरू केलं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५-ब, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालाही. मुकादम तडकले. “उचल मी दिलीय. माणसं वेळेवर पोचली नाहीत तर कारखाना माझ्या मानेवर बसतो. कायदा त्यांना सांगा.” त्यांचंही सगळंच चूक नव्हतं. हजेरीपत्रकच नाही, पैसे टनावर, मग भरपगारी म्हणजे कुणी आणि कशावर धरून द्यायचे? आणि ज्या जोडप्यानं लाखभर उचल घेतलीय ते मुकादमापुढे कायदा काढून बोलू शकत नाही. दहा मिनिटांत बैठक उठली.

संध्याकाळी वडील माझ्याबरोबर आले. त्यांनी कायद्याचं नावही काढलं नाही. ओसरीवर बसून एवढंच विचारलं, “२० तारखेला फडात, उसाच्या रानात, ऊस तोडून काय करणार? मतदान तिकडं बी त्याच दिवशी हाय. शेतकरी जाणार, कारखान्याचा चिटबॉय जाणार, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर जाणार. तोडलेला ऊस भरला नाही तर वाळणार. वजन कुणाचं घटणार?”

पैसे टनावर मिळतात. या हंगामाला टनाला ३६६ रुपये तोडणी आणि मुकादमाचं कमिशनही त्याच टनावर. वाळलेला ऊस म्हणजे दोघांचंही नुकसान. दोन मुकादम तिथल्या तिथे तयार झाले : टोळी २१ तारखेला पहाटे निघेल. पहिले काही दिवस कारखाना पूर्ण ताकदीनं चालत नाही, म्हणून फारसं बिघडणार नाही, असं तेच म्हणाले. कार्डं परत द्यायचंही एकानं मान्य केलं.

तिसऱ्यानं नाही म्हटलं. त्याला १४ तारखेला तळावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या मुक्कामावर, हजर राहायचा शब्द द्यावा लागला होता. त्याच्या टोळीत आमच्या गावचे २२ जण, त्यात माझी आत्या.

८ नोव्हेंबर

खोक्याच्या पुठ्ठ्याची मतदान यंत्रं केली. आमच्या मतदारसंघात उमेदवार इतके की एका यंत्रावर मावत नाहीत. एका यंत्रावर १६ बटणं, आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे शेवटच्या यंत्रावर शेवटी. लोकसभेला काही बायका पहिलंच यंत्र बघून, त्यात आपलं चिन्ह नाही म्हणून गोंधळल्या होत्या. म्हणून दोन पुठ्ठे शेजारी शेजारी ठेवले. चिन्हं मुद्दाम खोटी काढली, सूप, पाटा, कणगी अशी, म्हणजे कुणाचा प्रचार व्हायला नको.

सत्तर वर्षांच्या एका काकूनं बटण दाबलं आणि लगेच हात मागे घेतला. म्हणाल्या, “चिठ्ठी पडेपर्यंत थांबायचं का?” हो. शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. मग त्यांनी बटण पुन्हा दाबलं आणि काच नसलेल्या पुठ्ठ्याकडे बघत मोठ्यानं सात आकडे मोजले. मागं उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी त्यांच्याबरोबर मोजले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

‘एका मतानं काय होतंय’ यावर मी भाषण केलं नाही, दोन आकडे सांगितले. जूनच्या निकालात आपल्या बीड लोकसभेचा फैसला ६,५५३ मतांनी झाला आणि मुंबई वायव्यचा ४८ मतांनी. ४८ ऐकल्यावर एक पोरगा म्हणाला, “आपल्या दोन टेम्पोत त्याहून जास्त माणसं बसत्यात.”

१३ नोव्हेंबर

तिसरी टोळी गेली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत ज्वारीची पोती, चुली, ताडपत्र्या, बांबू, कोंबड्यांचं डालगं आणि त्यावर माणसं. मतदार चिठ्ठ्या अजून वाटल्या गेल्या नव्हत्या. म्हणून वहीतून प्रत्येकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर उतरवला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. सोबत एक ओळ : चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नाही, मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, फोटो असलेलं बँक पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड चालतं.

आत्यानं तो कागद हळदीच्या डब्यात ठेवला. “कोपीत (तळावरच्या झोपडीत) काय बी हरवतं, हळद हरवत नाही,” म्हणाली.

१६ आणि १७ नोव्हेंबर

मी आणि चुलतभाऊ माळशिरस तालुक्यात त्यांच्या तळावर गेलो. धारूर, केज, कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अकलूज. सुमारे २०० किलोमीटर, एसटीनं पोचायला आख्खा दिवस गेला.

तळावर कोप्या नुकत्या उभ्या राहिलेल्या. माणसं पहाटे चारला फडात, बायका मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या. भरलेली गाडी रात्री कधी कारखान्यात रिकामी होईल याचा नेम नाही. अशा माणसांना ‘२०० किलोमीटर येऊन मत द्या’ म्हणताना माझी जीभ जड झाली होती. आत्याच म्हणाली, “तू आमची कीव करू नकोस. हिशेब सांग.”

हिशेब असा. जायचा-यायचा धरून दोन दिवस जाणार. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोची दिवसाची तोड दीड ते दोन टन, तर दिवसाला साधारण ५५० ते ७३० रुपये बुडणार. वर मुकादमानं खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, लावला तर तो वेगळा. एसटीचं एका बाजूचं पूर्ण तिकीट ३०० च्या घरात, बायकांना अर्धं. म्हणजे एका जोडप्याला मत दोन-अडीच हजारांना पडणार. आमच्या दोन फ्लेक्सवर हा आकडा कुठेही नव्हता.

मुकादमाशी पुन्हा बोललो. तो म्हणाला, “१९ ला भरणी झाल्यावर जा, २१ ला रात्री फडात पाहिजे. एक दिवसाचा खाडा लावणार, दुसरा नाही.” एवढंच मिळालं.

याच दिवशी गावाकडून फोन आला. एका उमेदवाराचा कार्यकर्ता जीप द्यायला तयार होता, डिझेलसकट. चुलतभावाला मोह झाला, आणि खरं सांगायचं तर मलाही पाच मिनिटं झाला. पण उमेदवाराच्या गाडीतून मतदार आणणं हा कायद्यानं भ्रष्ट आचार आहे. शिवाय त्या जीपमधून उतरलेल्या माणसाला गाव मतदार म्हणून नाही, कुणाचा तरी माणूस म्हणून बघणार. नाही म्हटलं. एसटी, स्वतःचं तिकीट, स्वतःचं मत.

१९ नोव्हेंबर

एसटीनंच अडवलं. बऱ्याच गाड्या मतदान पथकं आणि यंत्रं नेण्यासाठी लागलेल्या, त्यामुळे नेहमीच्या फेऱ्या कमी. हे आधी लक्षात यायला हवं होतं, दर निवडणुकीला असंच होतं. बारा जण दुपारी निघू शकले. बार्शीला अडीच तास गाडी नाही. कळंबला पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा. पुढची गाडी पहाटे. स्थानकावरच पोती अंथरून झोपले. मी दर तासाला फोन करत होते. शेवटी आत्या म्हणाली, “तू झोप, उद्या तुला उभं राहायचंय.”

२० नोव्हेंबर, मतदान

सकाळी सातला केंद्र उघडलं तेव्हा थांबलेल्या दोन टोळ्यांतल्या बायका रांगेत पुढे होत्या. १०० मीटरच्या आत आम्ही गेलो नाही. लांब, शाळेच्या वळणावर वही घेऊन बसलो आणि फक्त अनुक्रमांक सांगत राहिलो. ज्या आजींचा १२-ड जमला नव्हता त्यांना दोन नातवांनी खुर्चीत बसवून आणलं, दारापासून पुढे केंद्रावरची चाकाची खुर्ची मिळाली.

साडेनऊला ते बारा जण आले. रात्रभरच्या प्रवासाची धूळ अंगावर, तशीच रांगेत उभी राहिली. आत्याच्या डाव्या तर्जनीला उसाच्या पाचटीनं कापलेलं होतं, फडकं बांधलेलं. बाहेर आल्यावर तिनं सांगितलं : साहेबांनी फडकं सोडायला लावलं, शाई जखमेच्या कडेला लागली, झणझणलं. ती बोट वर धरून उन्हात बघत उभी राहिली. हळदीचा वास कागदाला अजून होता.

२२ पैकी सहा जण आलेच नाहीत. एका घरी दोन महिन्यांचं लेकरू, बाकीच्यांना दोन दिवस बुडवणं परवडत नव्हतं. त्यांना कुणी एका शब्दानं बोलू नये, असं गावात सांगून ठेवलं.

उरलेल्या चौघांची गोष्ट लिहायला जड जाते. त्यांची गाडी रात्री तीनपर्यंत भरली नाही, पहाटेची एसटी चुकली. सहाच्या आत आवारात पोचलं की झालं, रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन मत घेतात, हे आम्ही त्यांना सांगितलं होतं. ते आले सहा वाजून पंचवीस मिनिटांनी. फाटक बंद झालेलं. चौघांतला धाकटा, अठरा पूर्ण झालेला, पहिलंच मत. त्यानं कागदाची पिशवी माझ्या हातात परत दिली. मी ती वहीत ठेवलीय.

थांबलेल्या १२६ जणांपैकी नऊ जणांचं नाव यादीत नव्हतं, पाच आमच्या नामंजूर अर्जांमुळे आणि चार घाईत सुटलेले. बाकीच्या ११७ पैकी १११ जणांनी मत दिलं.

२१ नोव्हेंबर

पहाटे साडेचारला दोन्ही टोळ्या निघाल्या. गावात कुत्री आणि म्हातारी माणसं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मतमोजणी. कोण जिंकलं ते या वहीत लिहीत नाही, वही सगळ्यांची आहे. दुपारी तळावरून एका भावाचा फोन आला. त्याचा उमेदवार पडला होता. “दोन हजार गेले ताई,” तो म्हणाला. मी म्हटलं, मतमोजणीच्या कागदावर आपल्या गावाच्या केंद्राचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. यावेळी तो हंगामातल्या गावाचा नाही, भरलेल्या गावाचा आहे. उद्या जो कुणी पाच वर्षांचा हिशेब मांडेल त्याला तो दिसणार. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग विचारलं, “पोरांच्या वसतिगृहाचा अर्ज कुणाकडं द्यायचा?” मी सांगितलं, पुढच्या आठवड्यात मीच नेऊन देते.

२६ नोव्हेंबर

हिशेब. फ्लेक्स १,४००. वही, झेरॉक्स, पुठ्ठे ६२०. आमचा तळावर जायचा-यायचा खर्च १,३५०. फोन रिचार्ज ५९८. एकूण ३,९६८ रुपये, चौघांनी वाटून घेतले.

मुकादमानं बोलल्याप्रमाणे एकच खाडा लावला, पण उशिरा पोचलेल्या चौघांना दोन. त्यावर आज फोनवर अर्धा तास बोलणं झालं. वडील म्हणतात, पहिल्या पंधरवड्याचा हिशेब होईल तेव्हा ते स्वतः तळावर जाऊन बसतील.

नामंजूर झालेले पाच अर्ज परवा नव्यानं भरतोय, सुटलेल्या चौघांचे आणि १ जानेवारीला अठरा पूर्ण होणाऱ्या तिघांचेही त्यांच्याबरोबर. फोटो दुपारी बारा वाजता, शाळेच्या पांढऱ्या भिंतीपुढे काढायचे आहेत. तळावर असलेल्यांचे फोटो आत्या पाठवणार आहे.